मुर्काचे चार सेल

"मायरॉन, जुन्यात नवा सेल घालू नकोस रे! जुना मरतो तो मरतो, नव्यालाही घेऊन जातो."

कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या गव्हाच्या रानात, मायरॉन टेलिफोनच्या तारा जोडायला खांबावर चढला असताना खालून आलेला मुकादमाचा हा आवाज पन्नास वर्षांपूर्वीचा. मायरॉन आता एक्याऐंशीचा. स्वयंपाकघरात खेळण्यातली राखी मांजर उताणी ठेवून त्याने पोटाचा स्क्रू काढला, तेव्हा तो आवाज पुन्हा कानी आला.

दोन सेल जुने, दोन नवे. एक जुना गळून स्प्रिंगवर पांढरी भुकटी धरलेली.

"दार्का, हे तुझंच काम ना?"

"दोनच उतरले होते, बाबा," लेक म्हणाली. "चांगले कशाला फेकायचे? काटकसर तुमचीच शिकवण."

"मग अर्धवट शिकलीस. बदलायचे तर चारही, एकाच पाकिटातले."

"त्यापेक्षा नवी मांजर आणते."

"नको. तुझ्या आईच्या हाताला हिचीच पाठ ठाऊक आहे."

बाहेरच्या खोलीत त्याची बायको स्टेफा, आठवण विरत चाललेली, रिकाम्या मांडीवरून हात फिरवत होती. समोर बोर्श्ट, बिटाचं सूप, निवत चाललेलं. मांजर घुरघुरल्याशिवाय ती घास घेत नसे. खरी मांजर, मुर्का, अकरा हिवाळ्यांपूर्वी नाहीशी झाली. आता हीच तिची मुर्का. नवरा मात्र तिच्या लेखी गुरांचा डॉक्टर.

"डॉक्टर, वाचेल ना हो?"

"वाचेल की, बाई! जरा दम धरा."

त्याने रबरी हातमोजे चढवले. व्हिनेगरच्या बोळ्याने स्प्रिंग पुसली, पूर्ण वाळू दिली. एरवी थरथरणारी बोटं आता बाळाला टोपडं घालावं तशी चालत होती. अधिक-उणे दोनदा पाहून चार नवे सेल बसवले, स्क्रू आवळला. मग मांजरीचे केसही विंचरले. ते कुणी सांगितलं नव्हतं.

मांडीवर मुर्का घुरघुरली. स्टेफाने चमचा उचलला. दोन घास गेले आणि हात थांबला.

"डॉक्टर, त्या हिवाळ्यात ही मला सोडून का गेली होती? मी रागावले होते का हिच्यावर?"

इतकी वर्षं या प्रश्नावर "मांजरच ते" म्हणून तो उठून जाई. आज गुडघे धरत तो तिच्यापाशी खाली बसला.

"तू नाही रागावलीस, स्टेफा. ती गेलीच नव्हती कुठे. उणे तीस थंडी होती. उबेसाठी ट्रकच्या इंजिनात शिरून झोपली होती. आत मांजर असलं तर पळावं म्हणून सगळं गाव आधी बॉनेटवर थाप मारतं, मग किल्ली फिरवतं. त्या सकाळी मी थाप मारली नाही."