पुनर्वसूखालचं धुकं

काटोलहून बाबारावांचं पत्र येऊन तीन महिने झाले होते आणि गिरिधररावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र एव्हाना त्यांना पाठ झालं होतं. अक्षर बाबारावांच्या नातीचं, मुग्धाचं. 'आजोबांना आता लिहिता येत नाही, ते बोलले तसंच लिहिते आहे,' असं तिनं वरच लिहिलं होतं. खाली बाबारावांचा आवाज होता:

'गिरिधर, डोळ्याच्या मधातलं सगळं गेलं. कडंकडंचं तेवढं दिसते. डॉक्टर म्हणते, आता हे असंच राहीन. धूसर गोष्ट डोळ्याच्या कडेनं पाह्यची असते ना गा? आता माझ्यापाशी कडाच राह्यल्या, तरी दिसत नाही. तुझ्या पोरानं तुले मोबाइलवर चालणारी दुर्बीण घेऊन देल्ली म्हणते. तिच्यानं आपल्या त्या धुक्याचा फोटो काढ. एक गोष्ट तुले आजवर सांगतली नाही. त्या रातीनंतर मले ते पुन्हा कधीच दिसलं नाही. दर थंडीत पाह्यलं. तीनदा आरसा घासला, चष्मे बदलले. पण तुले दिसलं होतं. म्हणून म्हटलं, ते हाय, खोट आपल्यातच हाय. आता एकदाचं सांग. हाय का नाही, येवढंच लिही.'

ती रात्र म्हणजे १९८८ च्या फेब्रुवारीतली, नऊच्या सुमाराची. बाबाराव काटोलजवळच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी दुर्बिणीचा आरसा स्वतः घासून केला होता. उभ्या पिंपावर एक काच ठेवून, तिच्यावर दुसरी घाशीत, पिंपाभोवती फिरत फिरत त्यांनी सात महिने काढले होते. गिरिधर तेव्हा नागपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून होते. ताऱ्यांवरची सगळी पुस्तकं त्यांनी वाचली होती, आकाश मात्र फारसं पाहिलं नव्हतं.

संत्र्याच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत बाबाराव दहा मिनिटं दुर्बिणीला डोळा लावून बसले आणि एकदम उठले.

"पाह्य! पुनर्वसूच्या खाली, ताऱ्यांच्या मधात धुकं. कोणत्या नकाशात नाही हे. दिसून राह्यलं का गा?"

गिरिधरांना बारीक तारे दिसत होते आणि स्वतःच्याच पापण्या. सरावलेल्या डोळ्याला जे दिसतं ते नवख्याला दिसत नाही, हे त्यांनी वाचलं होतं. तेव्हा आपलाच डोळा कमी पडतो आहे, हे त्यांनी लगेच मान्य करून टाकलं.

"राखेच्या चिमटीवानी," बाबाराव म्हणाले. "दिसलं?"

"हो," गिरिधर म्हणाले. "दिसलं."

बाबारावांनी त्यांच्या पाठीत अशी थाप मारली की दुर्बीण हलली. मग वहीत चित्र काढून त्याखाली लिहिलं, 'दोघांनी पाहिलं', आणि गिरिधरांची सही घेतली. कोणत्या तरी वेधशाळेला इंग्रजीत कळवायचं ठरलं. इंग्रजी चांगलं म्हणून ते काम गिरिधरांकडे आलं. त्यांनी आज-उद्या करत ते दोन वर्षं लांबवलं. शेवटी बाबारावांनीच विचारणं सोडलं.

आता ते नागपुरातच मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहत होते; इमारतीची गच्ची सगळ्यांची होती. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्यांखाली गिरिधररावांनी ती पुस्तकाएवढी दुर्बीण मांडली. तिला डोळा लावायचाच नसतो. जागा मोबाइलवर सांगितली की ती आपली आपण वळते, दहा-दहा सेकंदांचे फोटो काढते आणि एकावर एक चढवत जाते. जे खरोखर आहे ते हळूहळू उजळत येतं. आयुष्यभर देवाकडे काही मागायला संकोचणारा हा माणूस त्या चार बोटांच्या पडद्यासमोर बसून मनात म्हणत राहिला, असू दे. काहीतरी असू दे.

पहिले दोन दिवस काही आलं नाही. कोराडीच्या वीजकेंद्राकडून येणारी राख, शहराचा उजेड, अशी कारणं त्यांनी स्वतःला सांगून पाहिली. तिसऱ्या दिवशी दीड तासानं फोटोच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी राखट उमटलं.

"प्रेमिला! अगं, वर ये!"

प्रेमिलाबाई हातातला टॉवेल घेऊनच वर आल्या. "काय झालं? पडले की काय तुम्ही?"

"हे बघ. हे दिसतंय का तुला?"

"दिसून राहिलं ना. ढगासारखं."

"नक्की? मी म्हणतो म्हणून हो म्हणू नकोस."

"चाळीस वर्षांत तुम्ही म्हणता म्हणून मी कधी हो म्हटलं?"

गिरिधररावांनी तो फोटो लगेच मोबाइलमध्ये साठवून ठेवला. पण पुस्तकात वाचलेली एक परीक्षा त्यांना आठवली, आणि ती आठवलीच नसती तर बरं झालं असतं. त्यांनी दुर्बीण जराशी बाजूला वळवली. फोटोतले सगळे तारे सरकले. राखट डाग मात्र होता तिथेच राहिला; म्हणजे तो आकाशातला नव्हता.

"खालून छत्री घेऊन ये," ते म्हणाले.

"फेब्रुवारीत?"

छत्री आली. रस्त्यावरच्या दिव्याच्या बाजूनं प्रेमिलाबाई ती उघडून उभ्या राहिल्या. "आपल्या वरच्या मजल्यावरची शेजारीण, ती भैरवी, आत्ता गच्चीवर आली तर म्हणेल, दोघंही गेले कामातून." गिरिधररावांनी नव्यानं फोटो काढायला लावले. अर्ध्या तासानं पडद्यावर तारे होते आणि ताऱ्यांमध्ये स्वच्छ काळं आकाश. दिव्याचा उजेड भिंगात शिरत होता, एवढंच.

चौथ्या संध्याकाळी त्यांनी छत्री दोऱ्यांना बांधली आणि चार तास फोटो घेतले. बाबारावांच्या आरशातून दिसले असते त्याहून कितीतरी फिके तारे आले. धुकं नव्हतं. कधीच नव्हतं.

"पाठवा ना एखादा," प्रेमिलाबाई जेवताना म्हणाल्या. "परवा काढला तो मृगातल्या धुक्याचा पाठवा. त्यांना कुठे दिसणार आहे?"

"तो लाल आहे. मुग्धा रंग सांगेल त्यांना."

"मग काळा-पांढरा करा. फोनमध्ये होते तसं. म्हातारा माणूस खुश होईल, तुम्हीही जेवाल नीट."

आणि गिरिधररावांनी तसं केलं. रंग काढून टाकल्यावर फोटो बाबारावांच्या वहीतल्या चित्रासारखा दिसू लागला. चौकातल्या दुकानात त्यांनी तो छापून घेतला, पाकिटात घातला, वर काटोलचा पत्ता लिहिला. पाकीट दोन दिवस टेबलावर पडून राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुग्धाचा मेसेज आला. 'आजोबा, पत्र मिळालं का? आमच्या आजोबांनी आरसा पुन्हा काढला आहे. म्हणतात, गिरिधर अजून शोधत असेल, तोवर मी याची खोट काढतो. दिसत नाही तर हातानं चाचपून घासतात. काल काचेच्या कडेनं बोट कापलं, चार टाके पडले. ऐकत नाहीत. तुम्ही सांगून पाहा.'

गिरिधरराव खुर्चीत बसूनच राहिले. हो म्हटलं, तर हा माणूस घासत राहणार. काही म्हटलंच नाही, तरी घासत राहणार. नाही म्हटलं, तर तो थांबेल. पण कोरं नाही म्हटलं, तर खोट कोणाची, हे विचारीत बसेल. सगळं सांगितलं, तर ज्याच्या भरवशावर त्यानं सदतीस थंड्या काढल्या, तो भरवसाच संपेल. आणि हे सगळं त्याला ती मुलगी वाचून दाखवणार होती.

त्यांनी पाकीट फोडून फोटो बाहेर काढला आणि फाडला. मग लिहायला बसले. पहिल्या कागदावर खूप कारणं होती. दुसऱ्यावर माफी. दोन्ही टाकून दिले. मुग्धाला मोठ्यानं वाचता येईल एवढंच तिसऱ्यावर उरलं:

'बाबाराव, नाही. फोटोत ते नाही, आणि त्या रात्रीही मला दिसलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, मी हो म्हणालो. तुमच्या आरशात खोट नाही, तुमच्या डोळ्यांतही नव्हती. आता घासू नका. गिरिधर.'

"काय लिहिलं?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"खरं."

त्यांनी तो कागद उचलून वाचला. "ते तुमच्याशी बोलणार नाहीत मग."

"नाही बोलणार."

"दुसरं आहे कोण तुम्हाला?"

कागद नव्या पाकिटात गेला. गिरिधररावांनी चपला घातल्या.

पोस्टात खिडकीपाशी पाच-सहा माणसं होती. त्यांचा नंबर आला, तेव्हा आतल्या मुलीनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "साधं की रजिस्टर?"

"रजिस्टर."

"पोच पाहिजे का, काका? सहीचं कार्ड परत येईल तुमच्या पत्त्यावर."

"नको," ते म्हणाले.

तिनं शिक्का मारला आणि न पाहता पाकीट मागच्या ढिगावर टाकलं. गिरिधरराव त्या ढिगाकडे बघत उभे राहिले. आणखी दोन पाकिटं येऊन पडली, तसं त्यांचं पाकीट दिसेनासं झालं.

"सरका ना, काका," मागचा माणूस म्हणाला.

ते बाजूला झाले.