बादली भरेपर्यंत

आमच्या ह्यांचं राजकारण गाईच्या कासेखाली सुरू झालं, हे मी कुणालाही सांगते आणि ते कुणालाही सांगत नाहीत. भाषणात ते म्हणतात, मी मातीतून वर आलो. मातीतून बटाटे वर येतात. हे गोठ्यातून आले.

झालं असं, तेव्हा पहाटे धार काढायचं काम ह्यांचं होतं. शेजारचा सुतार एकदा रस्त्याची तक्रार घेऊन आला आणि पालथ्या घमेल्यावर बसून बोलतच राहिला. ह्यांना उठता येईना, कारण दोन्ही हात सडांवर आणि बादली गुडघ्यांत. धार अर्धवट सोडली की पुढच्या वेळी गाय पान्हा चोरते. म्हणून ह्यांनी ऐकलं, अगदी शेवटपर्यंत. शेवटपर्यंत ऐकणारा माणूस आमच्या भागात कुणी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिघे आले, महिन्याभरात रांग लागली. मग ह्यांनी नियम केला: धार चालू असेपर्यंत बोलायचं तुम्ही, उत्तर मिळेल बादली भरल्यावर. त्या नियमावर हे विधानसभेत गेले. पहिल्यांदा एकशे चार मतांनी, दुसऱ्यांदा दणकून, आणि तिसऱ्यांदा मंत्रीच झाले.

मंत्री झाले आणि राजधानीत राहायला गेले. जाताना म्हणाले, "गाई विकून टाक, तुझी ओढाताण होईल." मी विकल्या नाहीत. धारेला मी बसू लागले आणि लोक सवयीने येतच राहिले. घमेलं तेच, नियम तोच. फक्त उत्तर मला द्यावं लागायचं. पहिल्या वर्षी मी "ह्यांना विचारते" म्हणत वेळ मारून नेली. पण ह्यांचा फोन सचिव उचलायचा आणि "नोंद घेतली" म्हणून ठेवून द्यायचा. मग मीच साहेबलोकांना फोन लावायला लागले. पुलाला कठडा बसला, शाळेची बस आमच्या फाट्यापर्यंत येऊ लागली, जनावरांचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा दिसायला लागला. पेपरात नाव ह्यांचं छापून यायचं. राग यायचा, नाही कशाला म्हणू? पण मंत्र्यांची बायको म्हटल्यावरच साहेब फोन घ्यायचे. दुभत्या गाईच्या लाथा गोड मानायच्या.

पाच वर्षं अशी गेली आणि निवडणूक आली. शुक्रवारपर्यंत ह्यांनी पक्षाला उमेदवाराचं नाव कळवायचं होतं. ते नाव माझं असावं असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. कोरा अर्ज आणून मी पिठाच्या डब्यामागे ठेवलाही होता. पण पंधरा वर्षं ज्याच्या नावाची पाटी आहे, त्याला हे सांगायचं कसं? आणि गाठायचं कुठे? घरी आले तरी कानाला फोन. मी विषय काढला की हातावर तुरी देऊन निसटायचे.

सोमवारी हे प्रचारासाठी आले. पहाटेच घरापुढे वीस नव्या खुर्च्या मांडल्या, शेजारी सचिव वही उघडून बसला. उजाडलं तरी चिटपाखरू फिरकलं नाही. सचिव घराला वळसा घालून पाहून आला आणि वही मिटून बसला. शेवटी हे स्वतः मागे आले.

गोठ्यात अकरा जण रांगेत उभे होते. मी ठिपकीच्या धारेला बसले होते आणि शिंपीणबाई घमेल्यावर बसून लेकीच्या दाखल्याचं सांगत होत्या.

"मी आलोय," हे म्हणाले. "पुढे या ना सगळे."

"येतो की, साहेब," शिंपीणबाई म्हणाल्या. "वहिनींची बादली तेवढी भरू द्या."

हे तिथेच दाराला टेकून उभे राहिले आणि अकराही जणांचं ऐकलं. रात्री जेवताना म्हणाले, "पुलाचा कठडा तू बसवलास होय? त्याच्या उद्घाटनाला मी आलो होतो."

"फीत छान कापलीत," मी म्हटलं.

मंगळवारी बादली ह्यांनी उचलली. ठिपकीने परका हात ओळखला आणि पान्हा चोरला. वाटीभर दूध आलं, तेही तिने लाथेने उडवलं. रांगेतले सगळे हसले. हेही हसले, आणि ते हसणं मी किती वर्षांनी ऐकत होते. मला एकदम बरं वाटलं. बुधवारी अर्धी बादली झाली. गुरुवारी आवाज जमला: आधी रिकाम्या पत्र्यावर टणटण, मग फेसात सर्र सर्र. रांगेतला शेवटचा माणूस उत्तर घेऊन निघून गेला, तेव्हा हे रिकामी बादली घेऊन ठिपकीच्या धारेला बसले होते. ह्यांच्या खिशात फोन वाजत होता आणि दोन्ही हात गुंतलेले होते. मी घमेलं ओढून समोर बसले.

"माझं एक काम आहे, साहेब."

ह्यांनी मान वळवली. "बोल की."

"यंदा अर्ज मी भरणार. पक्षाला माझं नाव कळवा."

हात थांबले. ठिपकीने शेपटीचा फटका दिला तसे पुन्हा चालू झाले.

"तुम्ही पडाल म्हणून म्हणत नाही," मी म्हटलं. "मला हे काम येतं, आणि आवडतं. पाच वर्षं केलंय."

बोलणं संपलं. आता बादली भरेपर्यंत बसणं आलं. इतक्या लोकांना मी त्या घमेल्यावर बसवून ठेवलं होतं, पण तिथे बसून वाट बघणं किती अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. ह्यांनी तर शेवटच्या थेंबापर्यंत धार काढली.

बादली बाजूला ठेवून त्यांनी ठिपकीच्या पाठीवर थाप मारली.

"तू राजधानीत गेलीस की इथे लोकांचं ऐकणार कोण?"

"आज कोणी ऐकलं?"

त्यांनी आपल्या दुधाळ हातांकडे पाहिलं आणि हळूच हसले.

"अर्जावर सूचक लागतो," ते म्हणाले. "उमेदवाराचं नाव सुचवणारा. कुणाची सही घेणार आहेस?"

"अजून ठरवलं नाही."

"माझी चालेल?"

उत्तर द्यायला मी थांबलेच नाही. घरात पळाले, पिठाचा डबा कलंडला, तो तसाच टाकून अर्ज घेऊन परत आले. त्यांनी हात पुढे केला.

"आधी हात धुवा," मी म्हटलं.