कॅप्टन प्रुइटची सही

हॉटेलच्या व्हॅनचं दार सरकवून कॅप्टन प्रुइट आत चढला आणि मार्लिसच्या नाकात व्हिस्कीचा भपकारा शिरला. वर पेपरमिंटचा वास. म्हणजे मेल्यानं गोळ्या चघळून झाकायचा प्रयत्नही केला होता! सकाळचे सात वाजले होते, अमेरिकेतल्या बिलिंग्ज शहरात हाडं गोठवणारी थंडी होती, आणि साडेआठला या माणसानं सेहेचाळीस प्रवासी घेऊन डेन्व्हरला उडायचं होतं.

मार्लिस त्याची को-पायलट. तिच्या शेजारी एअर होस्टेस योली. योलीनं तिला कोपरानं ढोसलं.

"अगं, बोल ना त्याला. तुझंच काम आहे ते."

"बघू."

"बघू काय? इथवर वास येतोय!"

"येऊ दे."

वैमानिकांत एक रीत आहे, कुठं लिहिलेली नाही पण सगळे पाळतात. सोबतचा प्यालेला दिसला तर विमानतळात शिरायच्या आधी हळूच म्हणायचं, 'तुमची तब्येत बरी दिसत नाही.' समोरचा काय ते समजतो, आजारी असल्याचा फोन करतो आणि खोलीवर परत जातो. दुसरा वैमानिक येतो, विमान उशिरा सुटतं, पण माणूस तुरुंगात जात नाही. दारू सोडवायला त्याला एक संधी मिळते.

नऊ वर्षांपूर्वी मिनॉटला प्रुइटनं ते एक वाक्य उच्चारलं नव्हतं. तेव्हा त्याचा को-पायलट होता लोवेल हँक्सन, मार्लिसचा नवरा. व्हॅनमध्ये प्रुइट त्याच्याशी हसत-खिदळत गप्पा मारत राहिला, त्याला कॉकपिटमध्ये बसू दिलं, कागदावर सही करू दिली आणि मग पोलिसांना बोलावलं. लोवेल चुकलाच होता, मार्लिस कधी नाही म्हणाली नाही. पण अकरा महिने तुरुंग, लायसन्स कायमचं गेलं, आणि आता तो गॅरेजमध्ये लोकांच्या करवतींना धार लावतो. डोक्यावरून विमान गेलं तर मानसुद्धा वर करत नाही. मार्लिस माहेरचं आडनाव लावते, म्हणून ती कोणाची बायको याचा प्रुइटला पत्ता नव्हता. त्याच्याबरोबर तिची ही पहिलीच फेरी. देवानं आज त्याला आपल्या ताटात वाढलंय, असंच तिला वाटलं.

विमानतळ आला. प्रुइट तपासणीतून पार झाला. मार्लिस मूग गिळून मागोमाग.

कॉकपिटमध्ये तो खुर्चीत बसला. पट्टा लावायला त्याला तीनदा झटापट करावी लागली. आता राहिला होता कागद. 'आम्ही दोघेही शुद्धीत आणि उड्डाणास योग्य आहोत', त्याखाली दोन सह्या. कंपनीचा नियम असा की आधी को-पायलटनं सही करायची, शेवटी कॅप्टननं. सहीशिवाय हा प्राणी निसटला असता, बॅग घ्यायला आलो होतो म्हणाला असता. लोवेल बुडाला तो सहीमुळेच. पण त्याची सही हवी तर आधी स्वतःची मान सुरीखाली द्यायची. मार्लिसला हे पक्कं ठाऊक होतं. विमान तसूभरही हलू द्यायचं नाही, एवढं तिनं स्वतःला बजावलं आणि सही ठोकली.

"घ्या, कॅप्टन."

"शहाणी पोरगी!" प्रुइटनं सही केली. अक्षरं ओळ सोडून वर चढली. "डेन्व्हरला नाश्ता माझ्याकडून."

"तुम्ही बसा. मी आलेच," म्हणून ती कागद घेऊन थेट गेटवरच्या मॅनेजरकडे गेली.

दहा मिनिटांत दोन पोलिस आले. प्रुइटला फुंकायला लावलं, यंत्रानं आकडा दाखवला, हातात बेड्या पडल्या. मार्लिसच्या अंगावर आनंदानं काटा आला, खोटं कशाला सांगायचं! मॅनेजर पेडर्सन मात्र कागदाकडे बघत होता.

"पहिली सही तुझी आहे, मार्लिस. व्हॅनमध्ये वास आला नव्हता?"

योलीनं मान खाली घातली.

"आला होता," मार्लिस म्हणाली.

"मग बोलली का नाहीस गं? आता तुलाही मी वाचवू शकत नाही."

"वाचवू नका." तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातावर ठेवलं. सोळा वर्षांची नोकरी होती. तरी सौदा स्वस्तात पडला, असं तिला वाटलं, कारण खरी वसुली अजून बाकी होती. ती पोलिसांच्या मधून प्रुइटच्या अगदी तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

"हे लोवेल हँक्सनकडून."

प्रुइटनं पाणावलेले डोळे बारीक केले. "कोण लोवेल?"

"मिनॉट! नऊ वर्षांपूर्वी! तुम्ही त्याला खुर्चीत बसू दिलंत आणि मग पोलिस बोलावलेत!"

तो खरंच आठवत होता. नाटक नव्हतं ते, बिचारा कपाळाला आठ्या घालून मनापासून आठवत होता. मग त्याचा चेहरा जरा उजळला.

"तो मिशीवाला का?"

लोवेलनं जन्मात कधी मिशी ठेवली नव्हती.