चाळीस जणांच्या गोळ्या

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, आकाशातले तारे दाखवणारी ऐटबाज दुर्बीण डोळ्यांपुढे आणू नका. मी म्हणजे करंगळीएवढी जाड, काळी, वळवळणारी नळी. माझ्या टोकाला एक दिवा आणि एक डोळा आहे, आणि माझ्या आतून एक बारीक चिमटा सरकतो. माणसाने आ केला की मी त्याच्या घशातून जठरात उतरते आणि तिथे काय बिनसले आहे ते पडद्यावर दाखवते. माझी गोष्ट गोड नाही. मी रागावलेली आहे, आणि राग गिळायची मला सवय नाही. गिळायचे काम नेहमी समोरच्याचे असते.

एका मोठ्या कारखान्यात हातमोजे घातलेल्या बायकांनी भिंगातून बघत बघत मला जुळवले. तिथून मी ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णालयात गेले आणि आठ वर्षे राबले. 'हिच्यासारखी नजर दुसरीची नाही,' असे तिथले डॉक्टर म्हणायचे. मग माझ्याहून सडपातळ आणि तल्लख अशी दुसरी आली, आणि तेच डॉक्टर माझ्याकडे ढुंकूनही बघेनात. मला प्रशांत महासागरातल्या सामोआ देशाला दान करायचे ठरले. देताना टाळ्या झाल्या, फोटो निघाले. सोबत एक जादा दिवा द्यायचे मात्र कुणाला सुचले नाही.

अशी मी तिथल्या सवाइई बेटावरच्या लहानशा रुग्णालयात आले आणि मातालेनाच्या हाती पडले. ती तिथली नर्स. आवाज खणखणीत, हात मऊ. प्रत्येक तपासणीनंतर ती मला धुवायची, आतून हवा मारून वाळवायची आणि खुंटीला सरळ टांगून ठेवायची. मला गुंडाळून ठेवलेले चालत नाही. आत ओल राहते, बुरशी धरते. समुद्राकाठच्या दमट हवेत तर दोन दिवसांत माझी वाट लागेल. मातालेनाला हे एकदा सांगावे लागले, पुन्हा नाही. त्या बेटावर मी सहा वर्षे सुखात होते.

मग डॉक्टर हॅलोरन आले. सोबत तीन मदतनीस, चार पेट्या आणि कागदांचे गठ्ठे. माणसाच्या जठरात एक पिळदार जंतू घर करतो. तो आतल्या अस्तराला घाव पाडतो, घाव चिघळतो आणि एखाद्या दिवशी त्यातून भळाभळा रक्त वाहू लागते. यावर दोन आठवड्यांच्या गोळ्या आहेत. त्या या बेटावर लागू पडतात का, हे डॉक्टरांना शोधायचे होते. लागू पडल्या, तर बेटावरच्या प्रत्येक दवाखान्यात त्या कायमच्या मिळणार होत्या. चाळीस रुग्ण निवडले. मी चाळीस वेळा उतरले. चिमट्याने अस्तराचा तिळाएवढा तुकडा घ्यायचा आणि पिवळ्या औषधाच्या ठिपक्यावर ठेवायचा. ठिपका गुलाबी झाला की जंतू आहे. पिवळाच राहिला, तर नाही.

त्या चाळिसांत फुआतिनो होती. पन्नाशीची, चटया विणणारी बाई. तिची बोटे पानांच्या पट्ट्या सोलून सोलून टणक झाली होती आणि चेहरा रक्त कमी झाल्याने पांढराफटक पडला होता.

"बरं वाटतंय ना, आत्या?" मातालेनाने तिला कुशीवर झोपवत विचारले.

"हो गं."

"खरं सांगा."

"आग पडलीय पोटात, पोरी. सहा महिने झाले. पण डॉक्टरांना सांगू नकोस. एवढ्या लांबून आलेत, वाईट वाटेल त्यांना."

ऐकलेत? ज्याला आपले दुखणे शोधायचे आहे, त्याच्यापासूनच ते लपवायचे! का, तर तो पाहुणा. पाहुण्याला नकार द्यायचा नाही, त्याचे तोंड पडू द्यायचे नाही, हे त्या बेटावरच्या माणसांच्या हाडीमाशी खिळलेले. डॉक्टरांनी विचारले, पाणी उकळून पिता? हो. जेवण वेळेवर? हो. नियम समजले? हो, हो. डॉक्टर खूश होऊन खुणा करत गेले. आत मला तिचा घाव दिसत होता, नखाएवढा, कडा लाल. ठिपका बघता बघता गुलाबी झाला.

गोळ्यांची पाकिटे वाटली. दोन आठवड्यांनी रिकामी पाकिटे परत मागवली. चाळीसच्या चाळीस जणांनी आणून दिली, एकही गोळी शिल्लक नाही. मदतनिसांनी ती दोनदा मोजली. "इतके शिस्तीचे रुग्ण मी कुठे बघितले नाहीत," डॉक्टर हॅलोरन म्हणाले.

आणखी सहा आठवड्यांनी मी पुन्हा चाळीस घशांतून उतरले. एकतीस ठिपके गुलाबी झाले. फुआतिनोचाही. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि कागदावर लिहिले की रुग्णांनी गोळ्या पूर्ण घेतल्या, पण इथले जंतू औषधाला दाद देत नाहीत. मग पेट्या भरल्या, गळ्यात फुलांचे हार घालून घेतले आणि गेले. जाताना त्यांच्या मदतनिसाने मला ओलीच्या ओली गुंडाळून पेटीत कोंबले. मातालेनाला दुसऱ्या दिवशी कळले. तिने मला बाहेर काढले तेव्हा ती जे बोलली, ते इथे सांगण्यासारखे नाही.

डॉक्टरांचा कागद छापून आला आणि बेटाला गोळ्या पाठवायचा बेत बारगळला. लागूच पडत नाहीत, तर पाठवायच्या कशाला?

एके सकाळी फुआतिनोला मालवाहू गाडीच्या मागच्या फळीवर घालून आणले. अंगावरचा कपडा रक्ताच्या उलटीने भिजलेला. त्या दिवशी मी जी काही चालले, तशी जन्मात चालले नसेन. बेटाच्या डॉक्टरने माझ्यातून सुई सोडली, घावाशी टोचले आणि रक्त थांबले. बाहेर व्हरांड्यात तिचा भाऊ इओसेफो बसला होता. धिप्पाड माणूस, तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, मळ्यात राबून एक गुडघा दुखावलेला.

"त्याच गोळ्या द्या ना तिला," तो मातालेनाला म्हणाला. "लई गुणाच्या होत्या. दोन दिवस माझा गुडघा ठणकला नाही बघा."

मातालेनाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "तुमचा गुडघा? काका, त्या गोळ्या तुम्ही खाल्ल्यात?"

"मग! सगळ्यांनीच खाल्ल्या. परदेशातलं औषध, एवढं भारी. फुआतिनो एकटी कशी खाईल?"

आणि मग सगळे बाहेर आले. रविवारी चर्चहून आल्यावर मोठी पंगत बसते. भाजलेला तारो, नारळाच्या दुधातली पाने, मासे. त्या पंगतीत केळीच्या पानावर गोळ्या मांडल्या होत्या. पहिला मान पाद्रीबाबांचा, म्हणून त्यांना चार. मग वडीलधारे, मग भाऊ, भावजया, सुना. एकोणीस जणांचे घर. तीन रविवारांत पाकिटे रिकामी झाली. फुआतिनोच्या वाट्याला मोजून सहा आल्या, त्याही शेवटी, कारण वाढणाऱ्याने आधी घ्यायचे नसते. आणि हे एकट्या तिच्या घरात घडले नव्हते. जवळजवळ प्रत्येक घरात घडले होते.

मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला तळपाय नाहीत. मातालेनाला होते. ती तरातरा खाटेपाशी गेली.

"आत्या, मरायचं होतं का तुम्हाला?"

"ओरडू नकोस गं. सगळ्यांसमोर एकटीने खायचं म्हणजे..." फुआतिनोचा आवाज निघत नव्हता. "कुत्र्यासारखं वाटतं."

मातालेना मटकन खाली बसली. "मी याच बेटावरची," ती म्हणाली. "याच पंगतींत वाढले. आणि पाकिटं मोजत बसले." माझा राग तिच्यावरही होता. पण ती स्वतःवर इतकी चिडली होती की माझ्या रागाला जागाच उरली नाही.

तिने डॉक्टर हॅलोरनना फोन लावला. त्यांचा आवाज सबंध खोलीत ऐकू येत होता.

"हे ऐकून वाईट वाटलं, मातालेना. पण आता ते छापलं गेलंय. नुसतं नर्सच्या सांगण्यावरून बदलता येत नाही. रुग्णांनी स्वतः माझ्यासमोर सांगायला हवं. त्यांनी तर सगळ्यांनी 'हो' म्हटलंय."

"तुम्ही विचारलंतच असं की 'हो'च म्हणावं!"

"पुढच्या खेपेला येईन तेव्हा बघू."

बघू! मोठमोठी यंत्रे आणून चाळीस पोटांच्या तळाशी डोकावलात, तर एका पंगतीत जाऊन बसायला काय झाले होते? आणि खापर फोडले ते बिचाऱ्या जंतूंवर.

मातालेनाने शेजारच्या बेटावरून, बोटीने, ओळखीपाळखी काढून एका माणसाला पुरतील एवढ्या गोळ्या मिळवल्या. एकाच माणसाला. दोन आठवडे तिने फुआतिनोला रुग्णालयातच ठेवले आणि सकाळ-संध्याकाळ समोर उभे राहून प्रत्येक गोळी गिळायला लावली. पुढे ठरल्या वेळी मी पुन्हा उतरले. घाव भरला होता. तुकडा ठिपक्यावर ठेवला आणि आम्ही वाट बघत राहिलो. तास झाला, दिवस मावळला, दुसरी सकाळ उजाडली. ठिपका पिवळाधमक.

"लाज वाटली मला खाताना," फुआतिनो एवढेच म्हणाली.

चार महिन्यांनी इओसेफो मळ्यात कोसळला. त्याच्याही पोटात तोच जंतू होता आणि गुडघ्यासाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी घाव आणखी खणला होता. त्याला आणले तेव्हा मी पडद्यावर फक्त लाल रंग दाखवू शकले. त्याआधीच्या महिन्यात तो मातालेनाकडे दोनदा येऊन गेला होता, पोट जळते म्हणून. गोळ्या नव्हत्या. शेजारच्या बेटानेही हात वर केले होते. त्या बेटावर भाऊ बहिणीला जन्मभर मान देतो. फुआतिनोने त्याच्यासाठी बारीक विणीची चटई केली होती. तिने ती त्याच्या निष्प्राण अंगावर पांघरली.

"माझ्या गोळ्यांतल्या अर्ध्या त्याला दिल्या असत्या तर?" तिने मातालेनाला विचारले.

"तर तुम्ही दोघंही गेला असतात, आत्या."

फुआतिनोने चटईची कड त्याच्या खांद्याखाली खोचली. मी खुंटीवरून बघत होते.

पुढच्या वर्षी डॉक्टर हॅलोरन आले. पुन्हा हार, पुन्हा भाषणे. रुग्णालयाच्या मोठ्या खोलीत चाळिसांतले जे उरले होते ते सगळे चटयांवर बसले होते. पाद्रीबाबा पाहुण्यांसाठी प्रार्थना म्हणायला आले होते. माझ्या खोलीचे दार उघडे होते. डॉक्टर हसत म्हणाले, "मातालेनाची एक शंका आहे, म्हणून विचारतो. तुम्ही तुमच्या सगळ्या गोळ्या घेतल्या होत्या ना?"

माना डोलल्या. खोलीभर 'हो, हो' झाले. मातालेनाचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी वही मिटायला घेतली.

"नाही."

फुआतिनो उभी राहिली होती. एका पाहुण्यासमोर, पाद्रीबाबांसमोर, सगळ्या गावासमोर.

"नाही घेतल्या," ती म्हणाली. "मला सहा मिळाल्या. बाकीच्या घराने खाल्ल्या. नंतर मला एकटीला मिळाल्या तेव्हा मी बरी झाले. मेलेय का मी? बघा की! औषध चांगलं आहे. तुमचा कागद खोटा आहे. तुमच्या कागदाने माझा भाऊ नेला."

कुणीतरी तिचा झगा ओढून तिला बसवू बघत होते. ती बसली नाही.

मग पाद्रीबाबा उठले. वयस्कर माणूस, त्यांना उठायला वेळ लागला. "माझ्या पानात चार वाढल्या होत्या," ते म्हणाले. "तिच्या घरच्या. दुसऱ्या घरांच्या वेगळ्या. मला काही आजार नव्हता, डॉक्टर. लिहून घ्या."

त्यानंतर एकेक जण उठायला लागला. आमच्याकडे चौदा जणांत वाटल्या. आमच्याकडे बावीस. डॉक्टर हॅलोरन आधी उभ्याने लिहीत होते, मग खाली चटईवर बसले. त्यांचे कान लाल झाले होते. मला बरे वाटले, कशाला खोटे बोलू?

आता गोळ्या येतात. रविवारी पाद्रीबाबा प्रार्थनेआधी बजावतात की ज्याच्या नावाचे पाकीट त्यानेच खायचे, आणि पंगतीत कुणाचा हात तिकडे गेला तर त्यांच्याशी गाठ आहे. माझा दिवा हल्ली मिणमिणतो. जादा दिवा अजून आलेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या गावी असेल, तर तिला धुवा, कोरडी करा, सरळ टांगा. पण माझ्या नजरेवर फार भिस्त ठेवू नका. मी माणसाच्या जठराचा तळ बघते, त्याचे पान मला दिसत नाही. तिथे तुम्हालाच जाऊन बसावे लागेल, जेवावे लागेल आणि 'नाही' म्हणता येईल असे विचारावे लागेल.

माझ्या खुंटीशेजारी फुआतिनोने एक लहानशी चटई टांगली आहे. मला पुसायला म्हणून. मातालेना मात्र त्या चटईने मला पुसत नाही. इओसेफोची चटई विणून उरलेल्या पट्ट्यांची आहे ती.