हरेश्वरबाबाची पुरचुंडी

त्या रविवारी सकाळी घोडपदेवच्या आमच्या चाळीच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. साल अठ्ठावन्न. भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही अक्षरं अजून ओली होती आणि तिच्यापुढेच हरेश्वरबाबा पाट मांडून बसला होता.

"हात लावा, समद्यांनी लावा!" कापडाची पुरचुंडी तो गर्दीत फिरवत होता. "गार हाय का न्हाई? माझ्या धुनीतली विझलेली राख हाय. आता बघा!"

त्यानं काहीतरी पुटपुटत तांब्यातलं 'गंगाजल' शिंपडलं. थोड्याच वेळात पुरचुंडीतून वाफ निघाली. पुढच्या बाईनं बोट लावलं आणि किंचाळून मागं घेतलं.

"अग्नी जागा झाला! मुंबई मिळंल तवा मिळंल, लुळा पाय एकेचाळीस दिवसांत मिळंल!"

लोक पटापट पाया पडले.

मी चाळीच्या व्यायामशाळेचा मास्तर. सहा महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या डॉक्टर मृणालिनीबाई माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, माझ्या निम्म्या रोग्यांना बाटलीपेक्षा हालचालीची गरज आहे. जागा तुमची, सल्ला माझा, माणसं चाळ कमिटीनं गोळा करायची. जमेल?"

जमलं. रोज सकाळी वीस-बावीस जण यायचे. त्यातला एक बुधाजी. गिरणीत सांचेवाला होता, दिवसभर यंत्रापाशी उभं राहायचं काम. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. चार महिन्यांत तो दोरी धरून अकरा पावलं टाकू लागला होता.

बाबानं त्याच्या पोटरीला पुरचुंडी बांधली आणि बजावलं, "एकेचाळीस दिवस पाय हलवायचा न्हाई. हलला की अग्नी निघून गेला. तालीम बंद! दर रविवारी नवी पुरचुंडी मीच बांधणार, कुणी सोडून बघायची न्हाई."

मी त्याच्या खोलीवर गेलो. "बुधाजी, अकरा पावलं आलास रे."

"मास्तर, अकरा पावलांत गिरणीचा दरवाजा येत न्हाई. बाबा एकेचाळीस दिवसांत पोचवतो म्हणतोय."

त्याची बायको सुंदराबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "दोन वर्सांमागं धम्माची दीक्षा घेतली तवा असलं समदं सोडलं हुतं ना आपण?"

बुधाजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. बाकीचेही बाबाच्या नादी लागले; पाहता पाहता व्यायामशाळेत सहा जण उरले.

पाचव्या रविवारी सुंदराबाई धावत आली. "पायाला वास येतोय. बाईंना बोलवा."

डॉक्टरांनी पुरचुंडी सोडली. पोटरीवर पंजाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या, मांस करपलेलं. गुडघा आखडला होता, सरळ होईना. त्या बाजूला संवेदनाच नव्हती.

"दुखत न्हाई," बुधाजी आशेनं म्हणाला. "म्हंजी बरं होतंय ना?"

डॉक्टरांनी इस्पितळासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. सुंदराबाई मात्र जखमेकडे आणि मग स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिली. रे रोडच्या चुन्याच्या वखारीत ती पाट्या वाहायची. तिच्या हातांवर तसेच पांढरे चट्टे होते.

"बाई, ही राख न्हाई. चुना हाय ह्यो."

ती तडक खाली गेली. चौकात बाबा नवी पुरचुंडी फिरवत होता. तिनं ती हिसकावली, गाठ सोडली. आत पांढरे खडे.

"ही चुनकळी. भट्टीतली कळी गार झाली, तरी पाणी लागलं की उकळते. रोज डोक्यावर वाहते मी."

तिनं खडे जर्मनच्या पातेल्यात टाकले आणि वर नळाचं पाणी ओतलं. पातेलं फसफसू लागलं, वाफेचा लोट उठला.

"मुन्शिपाल्टीचं पाणी हाय. ह्यात कुठला मंतर?"

"बाई, कोप होईल!" बाबा ओरडला.

"व्हायचा त्यो झालाय. वर येऊन बघा."

लोक वर जाऊन बुधाजीचा पाय बघून आले. चाळकऱ्यांनी बाबाला पोलिसांच्या हवाली केलं आणि बुधाजीला इस्पितळात नेलं. नवव्या दिवशी त्याचा पाय मांडीतून कापला.

दोन महिन्यांनी सुंदराबाई त्याला पाठीवर घेऊन व्यायामशाळेत आली. सोडून गेलेले बरेच जण खजील होऊन परतले होते. डॉक्टर त्याच्या हातांचे व्यायाम ठरवत होत्या, तेवढ्यात तो सगळ्यांकडे वळला.

"हलू नको म्हणाला, आन मी 'का' म्हणून इचारलं न्हाई. तुम्ही इचारा. बाबाला इचारा, बाईंना इचारा, मास्तरला बी इचारा. जो सांगणार न्हाई, त्याच्या म्होरनं उठा आन चालत घरी जा. तुम्हाला अजून चालता येतंय."