ओढ्याकाठची रेघ

गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या उपग्रहचित्रांत डोंगर तोच होता, घरं मात्र हलली होती. सह्याद्रीतल्या त्या ठाकरवाडीचा आपत्ती आराखडा दरवर्षी ताजा करायचं काम जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संस्थेत मुक्ताकडे होतं. डोंगराच्या सोंडेवरची छपरं नाहीशी झाली होती. खाली ओढ्याकाठी नवी दिसत होती, बरोबर दरड येऊन थांबेल तिथे.

"चित्रात गडबड असेल," प्रकल्पप्रमुख जयंत म्हणाला. "जुना नकाशा ठेव, वर्ष बदल. शुक्रवारी फ्रिस्ट आहे, शेवटची मुदत, माहितीये ना?"

याला एवढी घाई कसली? मुक्ताने वाडीखालच्या दुकानात फोन लावून यादवरावांना बोलावून घेतलं. ते वाडीचे कारभारी. पाहणीच्या वेळी तिला डोंगर त्यांनीच दाखवला होता.

"काका, घरं खाली आणलीत का?"

"कुनी सांगितलं?"

"वरून फोटो आलाय."

"फारेस्टवाल्यांनी काढला?"

"नाही हो, आकाशातून."

"आता आभाळबी त्यांचंच का!" मग आवाज उतरला. दुकानदार ऐकत असावा. "वर लागोपाठ मरणं झाली. तशा जागी आमी ऱ्हात न्हाई. पर खालची जमीन फारेस्टची. तुझ्या कागदावर घरं आली की पाडायला येतील. तू त्यांची का आमची?"

"आणि दरड आली तर?"

"दरड येईल न येईल. ते येनारच."

पाऊस प्रमाणाबाहेर गेला की नकाशावरच्या धोक्याच्या लाल रेघेच्या आतल्या सगळ्यांना गाडीने हलवायचं, असा आराखड्यातला नियम होता. घरं दाखवा, असं त्यात कुठेच नव्हतं. मुक्ताने रेघ ओढ्यापलीकडे नेली. घरं मात्र दाखवली नाहीत.

जयंतने नकाशा पाहिला. "रेघ इतकी खाली का? तिथे कोणी राहत नाही."

"उतार तसा आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. "आल्झो, बरं तर," म्हणाला, आणि जोडपत्रातून यंदाचं उपग्रहचित्र त्याने स्वतःच काढून टाकलं. त्याला आधीच कळलं होतं का? तिने विचारलं नाही.

तिने पुन्हा फोन लावला. "काका, फार पाऊस लागला की गाडी येईल. सगळे बसा. शाळेत नेतील."

"बसू. पर परत आनून सोडतील ना? का तेवढ्यात घरं पाडतील?"

मुक्ताने आराखडा चाळला. परतीबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

"थांबा, काका," ती म्हणाली, आणि फोन कानाशी तसाच धरून आराखड्यात ती ओळ टाइप करू लागली.