मोटारीचा नंबर

आण्याच्या पठारावरची गोरखच्या सामाईक विहिरीची मोटार फोनवर चालते. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड आहे. नंबर लावायचा, आतली बाई बोलू लागली की एक दाबायचं, मोटार सुरू. पाणी ठिबकनं थेट कांद्याला. त्यामुळे गोरख आळेफाट्याच्या गॅरेजातून आणि भाऊ चांगदेव दुधाच्या गाडीवरून, रानात पाय न टाकताच आपापली पाळी धरायचे.

आज पाळी गोरखची. लाइट दहा ते दोन. अन् नंबर सारखा बिझी! कांदा ऐन पोसायला लागलेला, चार दिवस पाणी नाही. संशयाचं भूत लगेच मानगुटीवर बसलं. चांगदेवच मुद्दाम लाइन अडवतोय, दुसरं कोण? बांधावरची कुरबुर विसरणाऱ्यातला तो नव्हे. गोरखनं त्याला फोन लावला.

"बिझी हाय, मागनं बोलतो," म्हणून चांगदेवनं फोन ठेवला.

कशात बिझी, ते काय कळत नाही होय? गोरखनं हातातला पाना फेकला, मोटारसायकल काढली आणि आणे घाट चढेपर्यंत भावाच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्या आपल्याही आहेत, हे रागात कुणाला आठवतं!

विहिरीपाशी चांगदेव फोन घेऊन उभाच.

"घावलास का न्हाई!" गोरख ओरडला.

"मी? परवा माज्या पाळीला बी नंबर बिझी व्हता. तूच अडवतोस म्हनून बघाया आलो!"

दोघं एकमेकांचे फोन हिसकावू लागले, तोच शेजारच्या खोलीतून आवाज आला. "मोटार बंद आहे. वीजपुरवठा सुरू आहे. चालू करण्यासाठी एक दाबा."

रानातल्या त्या खोलीत त्यांची आई, सरूबाई, एकटी राहायची. ती हुलगे निवडत होती आणि फोन शेजारी बोलत होता. अडीनडीला असू दे म्हणून तो नंबर गोरखनंच तिला दिलेला.

"आये, हे काय चालवलंस?"

सरूबाई ओशाळली. "मी एक दाबत न्हाई रं. नुस्तं ऐकते. बंद झाला का परत लावते. तुमाला लावला का बिझी. ही बाई पयल्या घंटीला उचलती."

गोरखनं आपला फोन पाहिला. सकाळपासून आईचे तीन मिस्ड कॉल होते.

"काय काम व्हतं, आये?"

"काम कुटलं," ती म्हणाली. "बोलायचं व्हतं."